टॉवरसोबत क्रिस्टलबद्दलही लिहा

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला ६जी वरचा लेख वाचला, आवडला, पण सगळा भर टॉवर, स्पेक्ट्रम (मोबाइलसाठीच्या रेडिओलहरींचे पट्टे) आणि एआयवरच, हे जरा खटकलं. आषाढीला पंढरपुरात रेंज फुल्ल दिसते आणि फोन काही लागत नाही (वारी केलेल्यांना सांगायला नको), कारण टॉवरकडे वाटायला असतंच मोजकं. ४जी मध्ये २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे १०० तुकडे पडतात आणि कुठला कोणाला द्यायचा हे टॉवरमधला वाटप करणारा प्रोग्राम, म्हणजे शेड्युलर, दर मिलिसेकंदाला ठरवतो. हे वाटप हुशारीने व्हावं म्हणून संशोधन हवंच, वाद नाही.

पण एक बँड (म्हणजे असा एक पट्टा) दुसऱ्यापासून वेगळा काढतो तो फोनमधला तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान फिल्टर, आणि तो बऱ्याचदा लिथियम टँटलेट किंवा लिथियम नायोबेटच्या क्रिस्टलवर बनतो! दाबलं की वीज देण्याचा असा क्रिस्टलचा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्येच दाखवला होता. उलट वीज दिली की क्रिस्टल थरथरतो, म्हणून सिग्नलची तिथे ध्वनिलहर होते; ती रेडिओलहरीपेक्षा कितीतरी हळू, सेकंदाला ३-४ किलोमीटरनेच धावते, त्यामुळे लहरीची लांबीही कमी होते, म्हणून तर एवढ्याशा जागेत काम भागतं. आता आपल्याकडचा ५जी चा एक मुख्य पट्टा ३.३ गिगाहर्ट्झच्या पुढे आहे, तिथे हे साधे फिल्टर कमी पडायला लागतात आणि अॅल्युमिनियम नायट्राइडचे पातळ थर वापरावे लागतात. वाटप कितीही चोख केलं तरी शेजारचा बँड आत घुसला तर उपयोग काय? तेव्हा पुढच्या लेखात मटेरियलवाल्यांनाही थोडी जागा द्या.

– एक वाचक, सोलापूर