छुपा कॅमेरा : खोक्यावर काय वाचावे?

महोदय,
घड्याळात किंवा चार्जरमध्ये दडवलेला कॅमेरा घेताना गिऱ्हाईक 'फोर-के' एवढंच बघतं. खरी मेख अंधारात असते. रात्रीच्या चित्रणासाठीचे इन्फ्रारेड एलईडी (दिवे) ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे असतील तर जवळून मंद लाल ठिपका दिसतो, मग लपवून उपयोग काय? ९४० चे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला तोकडा. कॅमेरा खिडकीच्या काचेमागे ठेवला तर तोच प्रकाश उलटून चित्र पांढरंफटक येतं.

मेमरी कार्डाचा हिशेब सोपा आहे. २ एमबीपीएसला (सेकंदाला २ मेगाबिट चित्रण) तासाला साधारण ०.९ जीबी, म्हणजे ३२ जीबीचं कार्ड दीड दिवसात भरतं आणि जुनं पुसून त्यावरच नवं चढतं. साधी कार्डं या माऱ्याने लवकर दगावतात. सततच्या चित्रणासाठी बनवलेलं 'हाय एन्ड्युरन्स' कार्ड घ्यावं. 'वायफायला जोडलाच जात नाही' ही तक्रार आली की आधी राउटर पाहा. असे बरेच कॅमेरे वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात, ५ गिगाहर्ट्झवर नाही. तारीख-वेळही लावून घ्या, नाहीतर चोरी कधीची हेच कळत नाही.

न्हाणीघरात किंवा कपडे बदलण्याच्या जागी स्त्रीचं चोरून चित्रण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार पहिल्याच वेळी किमान १ वर्ष कैद आहे. हे मात्र कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं.

– एक सीसीटीव्ही तंत्रज्ञ, नाशिक