ती छत्री भंगारात देऊ नको

आर्वी, जि. वर्धा

प्रिय बाळ्या,

घर विकायच्या आधी स्लॅबवरची टीव्हीची आठ फुटी जाळीची छत्री भंगारवाल्याला द्यायचं म्हणतोस. देऊ नको गड्या, मी घेऊन जातो.

गावात आता घरोघरी दोन फुटी छत्र्या आहेत, पण पावसाचा जोर वाढला की पडद्यावर ‘नो सिग्नल’. त्यांची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची, धो-धो पाऊस तिला गिळतो. आपली जाळीची छत्री पकडते ती सी बँडची लहर साडेसात सेंटिमीटरची, ती पावसाला फारशी जुमानत नाही. जाळी चालते तीही त्यामुळेच. लहरीपुढे भोकं अगदी बारीक, अन् वारा आरपार निघून जातो.

काका वर छत्री हलवायचे अन् खालून आपण ‘आलं, आलं... गेलं!’ ओरडायचो, तेव्हा चॅनल मिळालं की संपलं. मला खरा नाद लागला तो नंतर, कोड न लावलेल्या कच्च्या फीडचा. मॅच मैदानातून स्टुडिओकडे जात असते, ती मधेच आपल्या हाती लागते. ओव्हर संपली तरी जाहिरात नाही. कॅमेरा तसाच चालू, फिल्डर जागा बदलताहेत, बोलर बाह्या सावरतोय, अन् नुसता मैदानाचा गलका. टीव्हीवाल्यांनी कापायच्या आधीचं हे जग मला फार आवडतं. असं फीड कोणत्याही पॅकमध्ये नसतं. ब्लाइंड स्कॅन, म्हणजे रिसीव्हरला सगळ्या फ्रिक्वेन्सी आपणहून चाळायला, लावून बसावं लागतं, अन् आज सापडलं ते उद्या तिथे नसतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ये. 78.5 अंश पूर्वेवरचा थायकॉम उपग्रह आपल्या वर्ध्यातून जवळपास नीट दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे 65 अंश वर. त्या दिवसांत दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर त्याच्या मागे येतो आणि काही मिनिटं सिग्नल बुडतो. तेव्हा टीव्ही सोडून छत्रीकडे बघायचं: एलएनबीची, म्हणजे छत्रीसमोर टांगलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीची, सावली थेट मधोमध पडलेली दिसते. छत्री नीट लागली की नाही, याची याहून पक्की खूण मला माहीत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा हेच होतं, पण तोवर तुझं घर दुसऱ्याचं झालेलं असेल.

स्टँडचे नट गंजले असतील. पाना अन् रॉकेल मी आणतो. वाकवून काढू नको, आकार गेला की सिग्नल गेला. एलएनबीच्या तोंडावरची टोपी तेवढी शोधून ठेव, नाहीतर गांधीलमाश्या आत घर करतात.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
विनू