मुलांना अन्नसाखळी प्रत्यक्ष दाखवायची आहे, त्यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या बालवाचनालयातर्फे सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी अन्नसाखळीवर एक उपक्रम सुरू करतो आहोत. पुस्तकात हा विषय एका चित्रात आटोपतो: गवत, हरीण, वाघ आणि मधे बाण. मुलं ते चित्र वहीत काढतात आणि बाण हमखास उलटे काढतात, वाघाकडून हरणाकडे. साहजिकच आहे, झडप वाघ घालतो. बाण मात्र अन्न कुठून कुठे गेलं ते सांगत असतो. गवतातलं हरणात, हरणातलं वाघात. फळ्यावर दहा वेळा सांगूनही हे डोक्यात शिरत नाही. एखाद्या रोपाशेजारी उकिडवं बसून पाहिलं, की लवकर कळतं.

कोवळ्या शेंड्यावर मावा, म्हणजे रस पिणारे इवलेसे किडे, पडलेला आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. तोच भिंगाखाली पाहा. प्रत्येकाची बारीक सोंड देठात रुतलेली दिसते. रस पिऊन झाला की जास्तीची साखर गोड थेंब होऊन मागून बाहेर पडते. त्या थेंबासाठी मुंग्या येतात, मिशांनी माव्याला थोपटतात, आणि त्याला खायला ढालकिडा (लेडीबर्ड) आला तर त्याच्या अंगावर धावून जातात. ढालकिड्याची अळी लांबट, काळपट, अंगावर नारिंगी ठिपके असलेली. मोठ्या ढालकिड्याशी तिचं काडीचंही साम्य नसतं, म्हणून कित्येकदा मोठी माणसंच तिला कीड समजून चिरडतात. कोशात जाईपर्यंत ही अळी शेकडो मावे फस्त करते. बोटभर देठावर एवढा मोठा व्यवहार चाललेला असतो. तो पाहायला ना जंगल लागतं, ना सहल. लागतं ते भिंग आणि शेजारी बसणारं एक मोठं माणूस.

माणसांची गरज सगळ्यात जास्त आहे. चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस नसेल तर हा उपक्रम करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मोठ्या घोळक्यात भिंग हातात येईपर्यंत मुंगी निघून गेलेली असते. आठवड्यातून दोन तास देऊ शकणाऱ्या आजी-आजोबांनी, पालकांनी, कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी कृपया पुढे यावं. जीवशास्त्र शिकलेलं असण्याची अट नाही. मुलाने विचारलेल्या प्रश्नावर ‘मलाही माहीत नाही, चल बघूया’ एवढं मोकळेपणाने म्हणता आलं की पुरे. कीटक, पक्षी, बुरशी यांचा अभ्यास असलेल्यांनी सुरुवातीला स्वयंसेवकांनाच थोडं शिकवावं, अशी खास विनंती.

झाड माती खातं, असं बहुतेक मुलांना वाटतं. सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट या शास्त्रज्ञांनी विलो नावाच्या झाडाचं रोप कुंडीत लावून 5 वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. सुमारे सव्वादोन किलोंचं रोप 76 किलोंच्या पुढे गेलं. कोरडी माती जेमतेम 60 ग्रॅमच्या आसपास घटली. झाड पाण्यापासून बनतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अपुरा होता, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड हिशेबात आलाच नव्हता. पण माती तोलून पाहण्याची कल्पना सहा वर्षांच्या मुलालाही कळते. भराभर वाढणाऱ्या रोपांवर हा प्रयोग मुलांकडून करून घ्यायचा आहे. त्यासाठी कुंड्या आणि ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा एखादा काटा हवा आहे.

वाघ हरणांपेक्षा इतके कमी का, याचं उत्तर पाण्याने देता येतं. मोठ्या भांड्यात 1 लिटर पाणी म्हणजे झाडांकडची ऊर्जा. तिच्यातला साधारण दहावा भागच खाणाऱ्याच्या अंगी लागतो; बाकीची हालचालीत आणि उष्णतेत जाते, काही न पचताच बाहेर पडते. म्हणजे पुढच्या भांड्यात 100 मिलिलिटर, त्यापुढे 10 आणि शेवटी 1. प्रत्यक्षात हे प्रमाण जागोजागी बदलतं, पण तळाशी उरलेले ते काही थेंब मुलं विसरत नाहीत. मापं लिहिलेले पारदर्शक मग घरी पडून असतील तर जरूर द्या.

जुन्या लोकरीचे गुंडेही चालतील. मुलांनी गोल करून उभं राहायचं, प्रत्येकाने एकेक जीव व्हायचं आणि कोण कोणाला खातं तसा धागा फिरवायचा. मग एकाने आपला धागा सोडायचा, की सगळं जाळंच ढिलं पडतं. उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यावर असंच घडलं. केसाळ कातड्यासाठी समुद्री पाणमांजरांची बेसुमार शिकार झाली. 1911च्या करारानं त्यांना संरक्षण मिळालं, तोवर ती एक-दोन हजारच उरली होती. पाणमांजरं गेली तिथे सी अर्चिन हे काटेरी जीव माजले आणि त्यांनी केल्प या उंच शैवालाची पाण्याखालची वनंच्या वनं खाऊन टाकली. त्या वनांत आसरा घेणारे मासेही मग उघडे पडले.

पालापाचोळ्यासाठी पसरट ट्रे, जुन्या पांढऱ्या चादरी आणि मऊ ब्रश हवेत. चित्रात कुजण्याचा हा भाग बहुधा नसतोच, पण गांडुळं आणि बुरशी नसती तर मेलेलं सगळं जागच्या जागी पडून राहिलं असतं, झाडांपर्यंत पोचलंच नसतं.

बाग असलेल्यांना आणखी एक विनंती. एखादा कोपरा आमच्यासाठी राखून ठेवा, त्यावर कीटकनाशक फवारू नका आणि तिथला मावा राहू द्या. फवारलेल्या झाडापाशी आम्ही मुलांना नेणार नाही. एकही जीव घरी न्यायचा नाही, उचललेला दगड होता तसा ठेवायचा, केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही आणि शेवटी साबणाने हात धुवायचे, हे नियम मुलांइतकेच मोठ्यांनाही लागू आहेत.

वाचनालयाच्या टेबलावर नोंदवही ठेवली आहे. नाव, सोयीचा वार आणि द्यायची असलेली वस्तू त्यात लिहावी. रोख देणगीची पावती मिळेल. ती रक्कम आधी भिंगांवर खर्च होईल आणि हिशेब सूचनाफलकावर लावला जाईल. भिंगं काचेची नकोत, प्लॅस्टिकची आणि मोठ्या मुठीची द्यावीत.

आपले,
बालवाचनालयाचे कार्यकारी मंडळ