पाकिस्तानातील ख्रिस्ती बांधवांसाठी प्रार्थना करताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या एखाद्या रविवारी जगभरातील अनेक ख्रिस्ती मंडळ्या श्रद्धेपायी छळ सोसणाऱ्या आपल्या बांधवांसाठी खास प्रार्थना करतात. आमच्या अहिल्यानगरच्या मंडळीतही ती होते. म्हणजे प्रार्थनाविनंत्यांच्या कागदावर आजारी माणसे, परीक्षेला बसलेली मुले आणि लांबलेला पाऊस यांच्या खाली ‘छळ सोसणाऱ्या मंडळीसाठी’ अशी एक ओळ असते, ती वाचली जाते, सगळे ‘आमेन’ म्हणतात आणि दानाची थैली फिरू लागते. गेल्या वर्षी प्रार्थना चालवण्याची पाळी माझ्याकडे आली तेव्हा मी ठरवले की, सगळ्या जगाला एका वाक्यात उरकण्यापेक्षा एकच देश घ्यावा आणि तिथे नेमके काय घडले ते आधी सांगावे. मी पाकिस्तान घेतला. त्यानंतर जे अनुभवाला आले, त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

सुरुवात जडांवालापासून केली. फैसलाबाद जिल्ह्यातील हे गाव आपल्याला अगदीच परके नाही, कारण भगतसिंगांचे जन्मगाव बंगा याच तालुक्यात येते. 16 ऑगस्ट 2023 रोजी तिथे कुराणाची विटंबना झाल्याची बातमी मशिदींच्या भोंग्यांवरून पसरवली गेली आणि जमावाने दिवसभरात वीसहून अधिक चर्च व कितीतरी ख्रिस्ती घरे जाळली, लुटली. पळून गेलेल्या कुटुंबांनी रात्र उसाच्या शेतांत काढली आणि येणाऱ्या रविवारी जळक्या भिंतींच्या साक्षीने उपासना केली. पाच दिवस आधीच, म्हणजे 11 ऑगस्टला, त्या देशाने आपला राष्ट्रीय अल्पसंख्याक दिन साजरा केला होता. जीनांनी 1947 मध्ये याच तारखेला संविधान सभेपुढे केलेल्या भाषणात धर्माचा आणि राज्यकारभाराचा संबंध नाही असे बजावले होते, त्याची ही आठवण.

हे सांगून झाल्यावर नगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या एका आजींनी मध्येच विचारले, “ती माणसं काम काय करतात?” प्रश्न बिनचूक होता. पंजाबातील बहुसंख्य ख्रिस्ती हे 1870 नंतर सियालकोटच्या आसपास ख्रिस्ती झालेल्या, सफाईचे काम लादल्या गेलेल्या जातीचे वंशज आहेत. आजही अनेकांच्या वाट्याला गटारे, रस्ते आणि वीटभट्ट्याच येतात, आणि सफाई कामगारांच्या भरतीच्या जाहिरातीत ‘फक्त बिगरमुस्लिमांसाठी’ अशी अट छापल्याची उदाहरणे आहेत. धर्म बदलला, सीमा आखली गेली, पण झाडू हातातून सुटला नाही. नगर जिल्ह्यातील आमच्या आजे-पणज्यांनी ज्या कारणांनी मिशनचा रस्ता धरला, ती कारणे ज्याला ठाऊक आहेत त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आसिया बीबी या ख्रिस्ती शेतमजूर बाईंचे प्रकरणही अशाच शिवाशिवीतून, पाण्यावरून पेटले. जून 2009 मध्ये फालशाची फळे तोडताना त्यांनी सगळ्याजणींच्या भांड्याने पाणी प्यायले, बरोबरच्या बायकांना ते बाटल्यासारखे वाटले, बाचाबाची झाली आणि तिचे पर्यवसान ईशनिंदेच्या आरोपात झाले. महाडचे चवदार तळे माहीत असलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट दूरची वाटू नये. त्यांना 2010 मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले ते 31 ऑक्टोबर 2018 रोजी. मधल्या काळात त्यांची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना 4 जानेवारी 2011 रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या, आणि दोन महिन्यांच्या आत, 2 मार्चला, केंद्रीय मंत्री शाहबाज भट्टी यांचीही इस्लामाबादेत हत्या झाली.

ज्या ईशनिंदेच्या कायद्याचा हा धाक आहे, त्याचे मूळ आपल्याही घरात आहे. 1860 ची दंडसंहिता दोन्ही देशांना इंग्रजांकडून मिळाली आणि 1927 मध्ये तिच्यात घातलेले, धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे 295-अ हे कलमही दोघांच्या वाट्याला आले. पाकिस्तानात जनरल झियांच्या काळात त्यापुढे 1982 मध्ये कुराणाच्या विटंबनेविषयीचे 295-ब आणि 1986 मध्ये पैगंबरांच्या अवमानाविषयीचे, मृत्युदंडाची तरतूद असलेले 295-क जोडले गेले. त्याखाली आरोपी ठरलेल्यांत मुसलमानही मोठ्या संख्येने आहेत, हे सहसा सांगितले जात नाही. आसिया बीबींचे वकील मुसलमान होते, त्यांना सोडणारे न्यायाधीश मुसलमान होते आणि त्यांच्यासाठी प्राण गमावणारे तासीरही मुसलमानच.

हे मुद्दाम लिहितो आहे, कारण त्या रविवारी संध्याकाळीच आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी जडांवालातील जळत्या क्रूसाचे छायाचित्र टाकले आणि खाली आमच्याच शहरातील मुसलमान दुकानदारांकडून खरेदी न करण्याचे आवाहन जोडले. मला शरम वाटली. जडांवालातल्या ज्या बाईचे घर जळाले, तिचा आमच्या कापडबाजाराशी काय संबंध? असे संदेश तयार करणाऱ्यांना 2008 मध्ये आपल्याच ओडिशातील कंधमालात ख्रिस्त्यांवर झालेले हल्ले आठवत नाहीत, हा आणखी एक भाग. छळ करणाऱ्यांसाठीही प्रार्थना करा, ही आज्ञा आम्हा ख्रिस्ती लोकांना ऐच्छिक म्हणून दिलेली नाही; आणि बंदिवानांची आठवण करायची ती आपणही त्यांच्याबरोबर बंदिवासात आहोत असे समजून, असे बायबलमधील पत्रांत लिहिले आहे. त्यांची राख उचलून इथे कोणाच्या अंगावर फेकायला त्यात कुठेही परवानगी नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी बोलणे कमी केले. पाकिस्तानातील जवळपास सर्व पंथांचे ख्रिस्ती जी पंजाबी स्तोत्रे गातात, ती इमामुद्दीन शाहबाज यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छंदात बांधली. ते स्वतः इस्लाममधून आलेले होते आणि काम सुरू असतानाच त्यांची दृष्टी गेली. आमच्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजनाला अभंगाचा ठेका दिला तो साधारण याच काळात. शाहबाजांच्या स्तोत्रांतले तेविसावे स्तोत्र मी मोबाईलवर लावले. शब्द कोणाला कळले नाहीत, पण ढोलकी सगळ्यांना कळली, आणि त्या आजींनी मग आपल्या भाषेत, सफाईवाल्या बायांची नावे घ्यावीत तशा आपुलकीने, तिथल्या बायांसाठी प्रार्थना केली.

आपणास एक विनंती आहे. जाळपोळ झाली की दोन दिवस बातमी येते, पुढे खटल्यांचे आणि घरांचे काय झाले याची एक ओळही मराठीत वाचायला मिळत नाही. जडांवालाच्या वर्षदिनी तरी पाठपुराव्याचा एखादा स्तंभ छापावा. स्वातंत्र्यदिनाच्या सुटीमुळे 16 ऑगस्टला आपला अंक निघत नाही, याची कल्पना आहे. 17 तारखेला छापला तरी चालेल.

आपला नम्र,
एक वाचक, अहिल्यानगर