भुसावळच्या लेथवाल्या काकांचे आभार

जळगावात आमच्या डेथ मेटल (कर्कश, वेगवान रॉक) बँडला ड्रमर मिळणं म्हणजे वैशाखात तापीला पूर. एक पुण्याला नोकरीला गेला, दुसऱ्याला घरच्यांनी थांबवलं. नवा टिकला, तर कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या डबल पेडलचा, म्हणजे दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवायच्या पेडलचा, जोडदांडा सांध्यातच तुटला. ब्लास्ट बीट, म्हणजे अतिवेगवान ठोक्यांचा ताल, एका पायावरही निघतो; दोन्ही पायांनी वाजवायचा सलग डबल बास कसा निघणार?

काकांनी निम्मं ओढलेलं शटर परत वर केलं. सांध्यातल्या तुटलेल्या पिनचं माप घेऊन नवी कातली, ड्रमरला पेडल दाबायला लावून अडतं तिथं पुन्हा घासली. "काय रे भो, एवढ्या आवाजात शब्द ऐकू येतात का?" एवढंच विचारलं. पैसे फक्त लोखंडाचे घेतले, वर आम्हाला डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा. काका, मनापासून आभार. पेडल अजून शाबूत आहे. बास गिटारवाला मात्र परवाच सोडून गेला.