हिरव्या स्टिकरला किती मोजावे?

संपादक महोदय,

जुनी अमेरिकन नाणी घेऊ पाहणाऱ्या नवख्याला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो : ‘स्लॅबवर हिरवे स्टिकर असेल तरच हात लावा.’ हे स्टिकर सीएसी नावाची कंपनी सीलबंद नाण्यांवर लावते. हा सल्ला काही नाण्यांच्या बाबतीत लाखमोलाचा आहे आणि बऱ्याच नाण्यांच्या बाबतीत निव्वळ खिसा हलका करणारा. फरक कुठे पडतो, ते सांगण्यासाठी हे पत्र.

पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या दोन कंपन्या नाणे तपासतात, १ ते ७० च्या शेल्डन मोजपट्टीवर त्याचा दर्जा ठरवतात आणि सीलबंद प्लास्टिकमध्ये, म्हणजे स्लॅबमध्ये, घालून देतात. सीएसी ही त्यांच्यावरची दुसरी नजर. एनजीसीचे संस्थापक जॉन अल्बानीज यांनीच ती २००७ मध्ये सुरू केली. एमएस-६५ (एमएस म्हणजे न वापरलेले नाणे) असे लेबल असलेल्या नाण्यांत काही त्या दर्जात सहज बसणारी असतात, तर काही कशीबशी काठावर टिकलेली. बाजारात त्यांना उत्तम, मध्यम आणि काठावरची या क्रमाने ए, बी आणि सी म्हणतात. ए आणि बी नाण्यांना हिरवे स्टिकर मिळते, सी नाणे तसेच परत येते. दर्जा कमी लावला गेला आहे असे वाटले, तर सोनेरी.

याचा अर्थ स्टिकर फक्त लेबलवरच्या आकड्याबद्दल बोलते. नाणे देखणे आहे, दुर्मीळ आहे किंवा मागितलेली किंमत रास्त आहे, यातले काहीही ते सांगत नाही. काळपट, डागाळलेल्या टोनिंगचे (काळानुसार पृष्ठभागावर चढलेल्या रंगछटेचे) ६५ सुद्धा हिरवे स्टिकर मिरवू शकते. आणखी एक गोष्ट विक्रेते मुद्दाम सांगत नाहीत. स्टिकर देताना लेबलवरचे ‘प्लस’ चिन्ह, म्हणजे नाणे त्या दर्जाच्या वरच्या टोकाला असल्याची खूण, विचारात घेतले जात नाही. एमएस-६४ प्लसवरचे हिरवे स्टिकर एवढेच म्हणते, की नाणे ६४ म्हणून भक्कम आहे. प्लसचे वेगळे आणि ‘प्लसला दुजोरा मिळाला’ म्हणून आणखी वेगळे, असे दोनदा पैसे मोजणारे कमी नाहीत.

आता हिशेब. आकडे उदाहरणापुरते घेऊ. एका नाण्याची ६४ दर्जाची किंमत १,००० डॉलर आणि ६५ ची ४,००० डॉलर आहे. तुमच्या हातातले ६५ काठावरचे निघाले, तर विकताना व्यापारी त्याच्याकडे ६४ म्हणूनच पाहणार; म्हणजे ३,००० डॉलरची जोखीम. अशा ठिकाणी स्टिकरसाठी ४०० डॉलर जादा देणे शहाणपणाचे. दुसऱ्या नाण्याची ६४ ची किंमत १०० आणि ६५ ची १८० डॉलर असेल, तर जोखीमच मुळात ८० ची. तिथे स्टिकरपायी ४० मोजणे म्हणजे निम्मे नुकसान आधीच स्वतःहून पदरात घेणे. थोडक्यात, किंमत स्टिकरला नाही, खालच्या दर्जाशी असलेल्या दरीला आहे.

मॉर्गन डॉलर या जुन्या अमेरिकन चांदीच्या नाण्यात ही दरी उघड दिसते. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा १८८१ चा डॉलर सव्वा कोटीहून अधिक संख्येने पाडला गेला आणि चकचकीत अवस्थेत आजही मुबलक मिळतो. एमएस-६४ किंवा ६५ मध्ये त्याच्यावरचे स्टिकर हौसेचा भाग. त्याच टांकसाळीचा १८८४ चा डॉलर झिजलेल्या अवस्थेत कोणीही घ्यावा इतका साधा आहे. पण न वापरलेला मिळणे महाकठीण, त्यामुळे एयू-५८ (किंचित झिजलेले) वरून एमएस दर्जात पाऊल पडताच किंमत कित्येक पटींनी उसळते. तिथे हलक्या झिजेचा प्रश्न हाच सगळा प्रश्न असतो आणि दुसरी नजर खरोखर पैसे वाचवते.

ही झीज स्वतःलाही पाहता आली पाहिजे. एकच दिवा डोक्याच्या वर, बाकी खोली अंधारी. स्लॅब हातात धरून सावकाश गोल कलवत न्यावा. न वापरलेल्या नाण्यावर झळाळीचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा अखंड फिरतो. स्वातंत्र्यदेवतेच्या कानावरचे केस, गाल आणि मागच्या बाजूला गरुडाची छाती या उंचवट्यांवर तो तुटून करडा, मंद दिसला, तर घर्षण झाले आहे. मात्र ठसा कमजोर उमटला असेल तर कानावरचे केस सपाट दिसतात, तरी झळाळी तिथूनही वाहत जाते. न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यांवर हे वारंवार दिसते आणि नवखे त्यालाच झीज समजतात. मग ५ ते ७ पटींचे भिंग. बारीक समांतर रेघा एकाच कोनात चमकून दुसऱ्या कोनात गायब झाल्या, तर नाणे कधीतरी पुसले गेले आहे. ओरखडा प्लास्टिकवरचा की नाण्यावरचा, याची शंका आली तर स्लॅब कलवा. प्लास्टिकवरचा ओरखडा नाण्यावरून सरकताना दिसतो. सोन्याच्या नाण्यांच्या चेहऱ्यावर धुरकट पडदा दिसला तर सावध व्हावे. ओरखडे झाकायला पुट्टी भरलेली असते आणि काही वर्षांनी ती स्लॅबच्या आतच पांढुरकी होत जाते.

स्टिकर नसणे हा दोष मानावा का? सीएसी नाकारलेल्या नाण्यांची यादी जाहीर करत नाही. त्यामुळे स्टिकर नसलेले नाणे नाकारले गेले आहे, कधी पाठवलेच नव्हते, की पात्र प्रकारातच बसत नाही, हे बाहेरून कळत नाही. आमचा ठोकताळा असा : दरी मोठी, नाणे महाग आणि विकणारा मुरलेला व्यापारी असेल, तर ते पाठवून झालेले आहे असे धरूनच भाव करावा. जुन्या संग्रहातून पहिल्यांदाच बाहेर आलेल्या, सुरुवातीच्या काळातल्या छोट्या स्लॅबला हा नियम लावू नये. त्या काळी दर्जा देताना हात आखडता असे; सोनेरी स्टिकर मिळण्याची शक्यता असते ती अशाच स्लॅबना.

फसवणुकीचे म्हणाल, तर स्टिकर होलोग्रामचे असले तरी नुसते पाहून विश्वास ठेवू नये. स्लॅबवरचा प्रमाणपत्र क्रमांक आधी पीसीजीएस किंवा एनजीसीच्या आणि मग सीएसीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. स्टिकर हिरवे की सोनेरी, तेही तिथे कळते. क्रमांक सापडला म्हणजे काम झाले असे नाही, कारण बनावट स्लॅबवर खऱ्या नाण्याचा क्रमांक छापलेला असतो. कंपनीचे छायाचित्र उपलब्ध असेल तर गालावरच्या दोन-तीन ठळक खुणा जुळवून घ्याव्यात. काही विक्रेते ‘प्रीमियम’ छापाची स्वतःचीच स्टिकरे लावतात. ज्याला नाणे विकायचे आहे त्यानेच लावलेल्या स्टिकरला शून्य किंमत द्यावी.

स्टिकरवर किती जादा द्यावे, हे विक्रेत्याच्या मागणीवरून नव्हे, तर पार पडलेल्या लिलावांवरून ठरवावे. तेच वर्ष, तीच टांकसाळ, तोच दर्जा, तीच स्लॅब कंपनी. स्टिकरसह आणि स्टिकरविना. आकड्यात खरेदीदाराचे शुल्क धरले आहे की नाही तेही पाहावे. ते बोलीच्या २० टक्के किंवा त्याहूनही जास्त असू शकते आणि एका बाजूला धरून दुसरीकडे सोडले, तर सगळी तुलनाच फसते.

शेवटी एक व्यवहारातली गोष्ट. स्टिकर नाण्याला नव्हे, त्या स्लॅबला लावलेले असते. जुना स्लॅब ओरखडला म्हणून नवा करून घेतला किंवा दर्जा वाढेल या आशेने फोडला, की स्टिकर गेले. पुन्हा शुल्क भरून पाठवावे लागते. सोनेरी स्टिकरचा स्लॅब कितीही कळकट दिसला, तरी तो तसाच ठेवावा.

— काही नाणेसंग्राहक वाचक