स्टेकहाउसला जाण्याआधी

छत्रपती संभाजीनगर,
रविवार

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

पोराच्या पहिल्या पगाराची पार्टी जालना रोडवरच्या नव्या स्टेकहाउसात ठरली, हे वाचून लई बरं वाटलं. काय मागवायचं, वहिनींनी काय खायचं आणि बिल कितीवर जाईल, असं तू विचारलंस. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे, कारण पैसे वाया जातात ते तिथंच.

आधी जनावर कोणतं ते बघू. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. त्यामुळं आपल्याकडं स्टेक, म्हणजे ग्रिलवर भाजलेला मांसाचा जाड तुकडा, म्हणून ताटात येतं ते म्हशीचं, म्हणजे मोठ्याचं. मेन्यूत नुसतं ‘टेंडरलॉइन’ लिहिलेलं असतं, म्हणून बसल्याबसल्या वेटरला स्पष्ट विचारायचं. लाजायचं काही कारण नाही. चांगल्या ठिकाणी ते आपणहून सांगतात. ‘वाग्यू’ दिसलं तर जरा सावध राहा. ती जपानी गायगुरांची जात आहे. माल कुठून आला, कागद आहेत का, हे विचार आणि उत्तर गुळमुळीत आलं तर पान उलट.

तुझा पोरगा व्हिडिओ बघून रिबआय (बरगडीकडचा तुकडा) नाहीतर टी-बोन (हाडासकटचा) मागणार, हे मी आत्ताच लिहून देतो. त्याला थांबव. व्हिडिओतली ती गुरं धान्यावर पोसलेली असतात, त्यांच्या मांसात चरबीच्या बारीक रेषा असतात आणि आचेवर ती चरबी वितळून घास मऊ होतो. म्हशीच्या मांसात आतली चरबी जवळजवळ नसतेच. शिवाय कापायला येणारं जनावर बहुधा वयस्कर असतं, आणि वयाबरोबर मांसाला बांधून ठेवणारं कोलॅजन चिवट होत जातं. ते विरघळायला सत्तर अंशांच्या पुढं तासन् तास शिजवावं लागतं. जुन्या शहरात नहारीवाले नळीचं मांस रात्रभर मंद आचेवर ठेवतात ते त्यासाठीच. ग्रिलवर दहा मिनिटांत ते व्हायचं नाही. म्हणून म्हशीचा स्टेक खायचा तर अंडरकटचाच. टेंडरलॉइन म्हणतात तो हाच. पाठीच्या कण्याला आतून चिकटलेला हा लांब स्नायू जनावराच्या चालण्या-ओढण्यात फारसा वापरला जात नाही, म्हणून मऊ राहतो.

अंडरकटमध्येही मधला भाग माग. एका टोकाला तो जाड आणि विस्कळीत असतो, दुसऱ्या टोकाला निमुळता. मधून साडेतीन-चार सेंटिमीटर जाडीचा तुकडा निघतो, साधारण २०० ग्रॅमचा. निमुळत्या टोकाचा तुकडा मधोमध चिरून पुस्तकासारखा उघडतात, तो ताटात मोठा दिसतो पण जाडी निम्मी होते. मग वरून खरपूस होईपर्यंत आतून पार शिजून जातो. मेन्यूतलं वजन कच्च्या मांसाचं असतं, हेही लक्षात ठेव. २५० ग्रॅमचा तुकडा ताटात येईपर्यंत १९०-२०० ग्रॅमवर येतो. त्यात लबाडी नाही, पाणी जातं.

आता शिजवण्याचं. आतलं तापमान ५४ ते ५७ अंश म्हणजे मीडियम रेअर (आतून लालसर), ६० ते ६३ म्हणजे मीडियम (मधोमध गुलाबी), ७१ च्या पुढं वेल डन (पार शिजलेलं). पासष्टच्या पुढं स्नायूंचे तंतू जोरात आकसतात आणि रस बाहेर ढकलतात. चरबीच्या मांसात तो रस गेला तरी चरबी सांभाळून घेते. म्हशीच्या मांसाला असा आधार नाही. म्हणून अंडरकट वेल डन मागवणं म्हणजे महाग चामडं मागवणं. तुम्हाला पहिल्यांदाच खायचंय तर मीडियम सांगा. मन धजत असेल तर मीडियम रेअर. कमी शिजलेला तुकडा पुन्हा ग्रिलवर जाऊ शकतो, जास्त शिजलेल्याला इलाज नाही, तेव्हा शंका असेल तर एक पायरी खालचं सांगायचं.

कापल्यावर ताटात लाल पाणी दिसेल. ते रक्त नव्हे, मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा रंग आहे. रक्त कत्तलीच्या वेळीच निथळून गेलेलं असतं. म्हशीचं मांस मुळातच गडद असतं, म्हणून मीडियमसुद्धा अपेक्षेपेक्षा लाल वाटतं. नुसत्या रंगावर विसंबू नको. स्वयंपाकघरात सळईचा थर्मामीटर असतो, किती अंशावर काढला ते विचारता येतं. स्वतःच्या अंगठ्याखालचा मांसल भाग आणि तुकडा दाबून, दोन्ही ताडून अंदाज सांगणारे बल्लव भेटतात. रोज एकाच जनावराचा, एकाच जाडीचा तुकडा भाजणाऱ्याला ते जमेल, नव्या जागेत त्यावर भरवसा ठेवू नये.

तुझ्या आई येणार असतील तर त्यांच्यासाठी हे प्रकरण नकोच. अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि आचेनं मरतात, हे खरं. पण अमेरिकी सरकारी शिफारस अखंड तुकड्यालाही ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती अशी आहे, म्हणजे मीडियम रेअर त्याच्या खालीच राहतं. म्हातारी माणसं, लहान पोरं, गरोदर बाई यांनी तो धोका कशाला घ्यायचा? खिम्याच्या बर्गर पॅटीला तर ७१ अंश हवेतच, कारण वरचे जंतू दळताना आत जातात. पॅटी मीडियम रेअर देऊ का असं कुणी विचारलं तर नको म्हणायचं.

नव्या हॉटेलात काय चुकतं ते सांगतो, म्हणजे ताट समोर आल्यावर ओळखता येईल. वरचा थर तपकिरी-काळसर न होता राखाडी, उकडल्यासारखा दिसला, तर एक तर मांस कोरडं पुसलं नव्हतं किंवा ग्रिल थंड होतं. ओल असेपर्यंत पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही आणि खरपूस रंग यायला १४० च्या पुढं जावं लागतं. शनिवारी रात्री नऊला एकदम बारा तुकडे ग्रिलवर पडले की जाळी गार होते. तवा तापायच्या आधी टाकलेल्या भाकरीची जी गत, तीच त्या मांसाची. म्हणून मंगळवार-बुधवार बघा, आणि साडेसातलाच बसा. कापल्याबरोबर ताटात तळं साचलं तर भाजल्यावर पाच-सात मिनिटं ठेवायचं असतं ते ठेवलेलं नाही. आणि घास मऊ आहे पण पिठासारखा भुसभुशीत लागतो, असं झालं तर मांस कच्च्या पपईत जास्त वेळ राहिलं. कबाबाला पपई ठीक; अंडरकटला तिची गरज नसते, म्हणजे तुकडा अंडरकटचा नसावा.

‘एज्ड’, म्हणजे मुरवलेलं, हा शब्दही मेन्यूत असेल. आपल्या खाटकाकडं सकाळी कापलेलं दुपारी चुलीवर जातं. स्टेकच्या मांसाला मात्र शून्य ते चार अंशांत काही दिवस ठेवतात, त्यात त्याचीच एन्झाइमं तंतू सैल करतात. उघड्यावर वाळवून तीन-चार आठवडे ठेवायची पद्धत चरबीचं जाड आवरण असलेल्या मांसासाठी. अंडरकटला तसं आवरण नसतं, बराच भाग सुकून कापून टाकावा लागेल. व्हॅक्यूमच्या पिशवीत आठवडा-दोन आठवडे ठेवलेला असेल तर ते पटण्यासारखं आहे. ‘ड्राय एज्ड टेंडरलॉइन’ म्हणून दीडपट भाव लावला असेल तर देऊ नको.

सॉस वेगळ्या वाटीत माग. मिरीचा सॉस बरा असतो. मशरूमचा पुष्कळदा कॉर्नफ्लोअर घातलेला चिकट रस्सा निघतो. धूर सोडणाऱ्या लोखंडी पाटावर, सिझलरसारखं, देऊ का म्हणाले तर नको म्हण. त्या पाटावर मांस शिजतच राहतं, मीडियमचं वेल डन तुझ्या डोळ्यांदेखत होतं. गरम केलेली साधी प्लेट पुरते. कापताना तंतू कोणत्या दिशेनं गेलेत ते बघून आडवं काप, आणि एका वेळी एकच घास. सगळं आधी कापून ठेवलं की गार होतं. पहिला काप मधोमध घे, बाजूनं नको. चुकीचं शिजलं असेल तर तिथंच कळतं आणि परत पाठवायची वेळ तीच. अर्धं खाऊन तक्रार केली तर कोण ऐकणार?

वहिनी मोठ्याचं खात नसतील तर लॅम्ब चॉप्स. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि तिथल्या मेंढीच्या मांसावरचं ३० टक्के आयातशुल्क गेलं. स्वस्त ते अजूनही नाहीच, पण त्यात चरबी असते, म्हणून मीडियमला रसाळ राहतं. कुठं आपल्या उस्मानाबादी शेळीचे चॉप्स ठेवले असतील तर तेही बघा. हे चॉप्स लहान आणि कमी चरबीचे असतात, दोघांत एक प्लेट पुरणार नाही. चिकन घेतलं तर छातीचं नको, तंगडीचं बोनलेस सांगा. कोंबडी ७४ अंशांपर्यंत न्यावीच लागते आणि छाती तिथवर कोरडी पडते. मासा समुद्रापासून इतक्या लांब गोठवलेलाच येणार, त्यात वाईट काही नाही. पनीर स्टेक मात्र मागवू नका, तेवढ्या पैशात कुठंही याहून बरं पनीर मिळेल.

बिलाचं सोपं आहे. समज, दारू सोडून जेवण ६,००० चं झालं. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी, म्हणजे ६,३००. दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर ६,६०० वर जीएसटी धरून ६,९३०. तो चार्ज आपोआप लावू नये, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे निर्देश जुलै २०२२ पासून आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. ‘काढून द्या’ म्हटलं की काढतात. सेवा आवडली तर वेटरच्या हातात द्या. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट लागतो, तो वेगळ्या ओळीत दिसेल.

टेबल फोनवर सांगून ठेव आणि अंडरकटचा मधला भाग शिल्लक असतो का ते तेव्हाच विचार. एका अंडरकटमधून असे तुकडे थोडेच निघतात आणि रात्री उशिरा संपलेले असतात. बिल पोरगा देणार आहे, तेव्हा मेन्यूचा उजवा रकाना वाचून तू उगाच सूप मागवू नकोस.

वहिनींना नमस्कार, पोराला शाबासकी.

तुझा,
विलास